अक्काच्या नावचा कागद

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो सहीला. नाना, म्हणजे माझे वडील, एका गिरणीच्या फोर्टातल्या हेड ऑफिसात शेअर डिपार्टमेंटला कारकून होते, आणि त्यांची सगळी नोकरी सह्या जुळवण्यात गेली. कोणी आपला शेअरचा कागद दुसऱ्याला विकला की विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म नानांच्या टेबलावर येई. कपाटातून त्या माणसाचा मूळ अर्ज काढायचा, दोन्ही सह्या शेजारी ठेवायच्या, भिंग धरायचं, आणि जुळली तर पास. नाही जुळली तर लाल शाईचा शिक्का, 'सही जुळत नाही', आणि कागद परत. मोठमोठ्या शेटजींचे कागद नानांनी परत पाठवले होते. "शेट असेल तो त्याच्या घरी," ते म्हणायचे, "माझ्या टेबलावर ती फक्त एक सही." पण संध्याकाळी परळला चाळीत येऊन कोट खुंटीला लावला की ऑफिस संपलं. शेजारचं कोणी फॉर्म घेऊन आलं, "नाना, एवढं जरा बघता का," म्हणालं, तरी उत्तर ठरलेलं: "उद्या ऑफिसात या." खोलीला खोली लागून असलेल्या माणसाला सांगायचं, फोर्टात ये! आई कपाळाला हात लावायची.

दोन खोल्या होत्या आमच्या, पुढची आणि मागची. पुढच्या खोलीत नानांची आरामखुर्ची, मागच्या खोलीत पाटा-वरवंटा आणि आई. सकाळचा गिरणीचा भोंगा झाला की वरवंट्याची घरघर सुरू व्हायची, आणि खोबऱ्याच्या वाटणाचा वास जिन्यापर्यंत जायचा. आई मालवणीच बोलायची, शेवटपर्यंत. नाना ऑफिसात राहून राहून पुस्तकी बोलायला लागले होते, त्यामुळे दोघांचं भांडण ऐकणाऱ्याला वाटे, दोन वेगळ्या गावची माणसं भांडताहेत. जेवताना नाना आम्हाला बाजार शिकवायचे. चाळीतले निम्मे पुरुष कापसाच्या आकड्यावर पैसे लावायचे, नानांना त्याचा भयंकर तिटकारा. "आकडा म्हणजे जुगार. शेअर म्हणजे गिरणीत भागीदारी. गिरणी तरली तर तुम्ही तरलात, बुडाली तर बुडालात. आणि डिबेंचर म्हणजे आपण गिरणीला दिलेलं कर्ज. गिरणीला नफा होवो न होवो, आपलं व्याज ठरल्या दिवशी आलंच पाहिजे. बाईमाणसाच्या नावावर ठेवायचं तर डिबेंचर." आई म्हणायची, "गिरणी आपल्याकडसून उसने घेता? मग तुमचो पगार कित्याक वाढत नाय?" यावर नाना ताकाची वाटी तोंडाला लावत. माझा नातू हल्ली फोनवर बोट फिरवून असले कसले कसले कागद घेतो आणि विकतो. कागदच नसतो म्हणे आता. मी त्याला विचारलं, मग सही कुठे करतोस? तो हसला.

तर असा एक डिबेंचर माझ्या अक्काच्या नावावर होता. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मॅट्रिक झाली आणि टेलिफोनच्या एक्स्चेंजात लागली. डोक्याला यंत्र लावून दिवसभर "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि घरी आल्यावर मला दटावायचं, "बेबी, ओरडू नको गं, कान गेलेत माझे." तीन वर्षांत तिने साठवले त्या पैशांत नानांनी गिरणीचा पाचशेचा डिबेंचर घेतला. जाड, हिरवट कागद, कडेने वेलबुट्टी, आणि मध्ये तिचं नाव: कमल विठ्ठल परब. अर्जावर तिने सही केली तेव्हा मी शेजारी बसले होते. काय ऐटबाज सही होती! 'क'चं पोट फुगलेलं आणि 'परब'च्या 'ब'खालून एक रेघ जी मागे 'क'पर्यंत जाई. मला ती सही इतकी आवडली की मी वह्यांच्या मागच्या पानांवर ती गिरवत बसायचे. माझी स्वतःची सही मला नव्हतीच मुळी. वर्षातून दोनदा व्याज यायचं. अक्का त्यातून स्वतःला काही घ्यायची नाही, पण मला हिंदमाताला नेऊन परकराचं कापड घ्यायची, आणि दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या व्याजातलं आहे हे." तिचा तो ताठा मला फार आवडायचा.

मग तिचं लग्न झालं, गिरगावातल्या राण्यांकडे. आमच्यात लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले, जावयाने अंगठीने त्यात लिहिलं, सुनंदा. सगळ्यांनी पेढे खाल्ले. नोकरी सुटली, ती बोलणी करतानाच ठरलं होतं. आमच्या घरी ती अक्काच होती, त्यामुळे कमल गेली आणि सुनंदा आली हे आम्हाला कधी जाणवलंच नाही. डिबेंचर नानांनी तिच्या पाठवणीच्या पेटीत घातला नाही, आपल्याकडेच ठेवला. का ठेवला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली तेव्हा मुंबई पेटलेली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आमच्या जिन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं. रोज सभा, रोज मोर्चे, आणि मग गोळीबार आणि कर्फ्यू. त्या कर्फ्यूतच अक्का बाळंत झाली, घरीच, चाळीतल्या सुईणीच्या हातून. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तो दूध ओढेना. नाना पांढरा रुमाल हातात धरून डॉक्टर आणायला खाली उतरले, आणि नाक्यावरून पोलिसांनी त्यांना परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मूल गेलं. ज्यांच्या घरची माणसं त्या दिवसांत रस्त्यावर गोळी लागून गेली त्यांच्याकडे लोक भेटायला जात होते. आमच्याकडे कोण येणार, आणि येऊन काय बोलणार? मला रडू आलं का? नाही आलं. मी चौदा वर्षांची होते, मला त्या बाळाची सवयही झाली नव्हती. अक्काही रडली नाही. ती मागच्या खोलीच्या खिडकीशी बसायची, आणि बसूनच राहायची. आई उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवायची, "खा गो बाय, पोटाक काय तरी होया मां." ती दोन घोट घ्यायची. सांगितलं की उठायची, सांगितलं की केस विंचरायची. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. वरवंटासुद्धा आई हळू फिरवायची. आम्ही सगळीच तशी झालो होतो, सांगितलं की उठणारी.

सव्वा महिना झाला, दोन महिने झाले, चार झाले. बाळंतिणीला सासरचे न्यायला येतात. राणे आले नाहीत. आईच्या मनाला एकच घोर: "तिका घेवन जावक येतले मां? लोकांका काय सांगतलंव?" अक्काला कोणी विचारलं नाही, की तुझ्या मनात काय आहे. खरंच सांगते, विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सासरी जायचं ही गोष्ट भोंग्यासारखी, ती होणारच.

आणि मग राणे आले, पण आधी बातमी आली. नानांच्या गिरणीने जाहीर केलं, की डिबेंचरवाल्यांना हवं असेल तर अमुक तारखेच्या आत कागद परत देऊन त्याबदली शेअर घेता येतील. गिरणी तेव्हा जोरात होती, शेअर चढलेले, त्यामुळे पाचशेच्या कागदाला बाजारात आठशे मिळायला लागले. अक्काचे मोठे दीर फोर्टात एका दलालाच्या ऑफिसात बसत, त्यांना हे आधी कळलं. एका रविवारी मोठे राणे आणि आमचे भावोजी, दोघं आले. भावोजी आपली टोपी मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत बसले; शेवटपर्यंत त्यांनी दुसरीकडे पाहिलं नाही. बोलले ते मोठे राणे. "दादरला दोन खोल्या बघितल्यात. पागडी द्यायचीय. कागद माझ्या नावावर करून द्या, बाकी मी बघतो. घरातलाच पैसा, घरातच राहील. काम झालं की सुनेलाही न्यायला येतो." त्यांनी खिशातून फॉर्म काढला. बाळाबद्दल ते बोलले नाहीत. आईने चहा केला, नारळाच्या वड्या पुढे केल्या. अक्काला पुढच्या खोलीत बोलावलं. ती आली, बसली, पेन घेतलं आणि दाखवलं तिथे सही केली: सुनंदा सदाशिव राणे. छान, ठळक, एकेक अक्षर सुटं. शेजारच्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. नाना आरामखुर्चीत होते. त्यांनी फॉर्म पाहिला, चष्मा पुसला, आणि पंचांग वाचायला घेतलं.

आठ दिवसांनी तोच फॉर्म राण्यांच्या घरी रजिस्टर पोस्टाने परत गेला. लाल शिक्का: सही जुळत नाही. खाली नानांची सही. मोठे राणे तणतणत आले, पायऱ्या चढतानाच आवाज ऐकू येत होता.

"अहो, समोर बसला होतात ना? तेव्हा काय तोंड शिवलं होतं? कमल म्हणून सही करायची हे तेव्हा सांगता येत नव्हतं?"

"घरी मी मुलीचा बाप," नाना म्हणाले. "तिथे मी कारकून."

"आणि बापाने मुलीला सांगायचं नसतं?"

"मुलगी मॅट्रिक आहे. एक्स्चेंजात काम केलेली आहे."

चाळ गॅलरीत जमली होती. आई मागच्या दाराशी तोंडाला पदर लावून उभी. मोठ्या राण्यांनी दुसरा कोरा फॉर्म नानांच्या पंचांगावर ठेवला. "तारीख जवळ आलीय. आता पुढच्या रविवारी येतो. सही जुन्या नावाने, नीट. कागद आणि सून एकदमच नेतो." आणि दाराशी वळून म्हणाले, "नाहीतर दोन्ही ठेवा तुमच्याकडेच."

झालं! आता सगळी चाळ बोलायला लागली. एवढ्याशा सहीसाठी पोरीचा संसार अडलाय. आईने नानांशी बोलणं टाकलं. नाना वेळेवर जात, वेळेवर येत. अक्काला सही करायला बसवायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा होत्या. वर ठळक अक्षरांत अटक, सत्याग्रह, आणि कडेला अक्काची सही. पहिल्यांदा सुनंदा आलं. मग कमल लिहिलं, पण 'क' चपटा, रेघच नाही. मग अर्धं कमल आणि पुढे राणे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी चिडायचे, "अगं अक्का, अशी नाही गं, पोट फुगव ना 'क'चं!" आणि मी स्वतः काढून दाखवायचे. ती बघायची, मान हलवायची, आणि पुन्हा चपटा 'क'. आई म्हणाली, "हात इसारलो गो तिचो. कायच येणा नाय तिका आता," आणि पदराने डोळे पुसले. घरात त्या पाच-सहा महिन्यांत पाहिलेले ते पहिले अश्रू, आणि ते सहीसाठी.

शनिवारी दुपारी आई मासे आणायला गेली होती. नाना ऑफिसात होते. फॉर्म देवाच्या कोनाड्यात होता, कारण महत्त्वाचे सगळे कागद आमच्याकडे तिथेच. मी तो घेतला, खाली पाट ठेवला, दौतीत टाक बुडवला आणि सही केली. कमल विठ्ठल परब. 'क'चं पोट, 'ब'खालची रेघ, मागे 'क'पर्यंत. एकही थेंब सांडला नाही. अक्का समोर खिडकीशी बसलेली होती. तिने सगळं पाहिलं, पहिल्या अक्षरापासून. ती उठली नाही, 'अगं' म्हणाली नाही, हात धरला नाही. मी फुंकर मारून शाई वाळवली आणि तिला म्हणाले, "झालं बघ. आता जाशील तू." मला वाटलं, ती हसेल. मला वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं. लहान मुलांना काही वाटू नये हेच बरं.

रविवारी मोठे राणे आले, भावोजी आले. आईने सांगितलं होतं की अक्काने शनिवारी सही केली. मी आईला तसंच सांगितलं होतं. मोठ्या राण्यांनी फॉर्म नानांपुढे धरला. "आत्ताच बघून घ्या, पुन्हा शिक्के नकोत." आयुष्यात पहिल्यांदा नानांनी घरी ऑफिसचा कागद हातात घेतला. भिंग ऑफिसात होतं, त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. मी दाराच्या चौकटीला नख लावून उभी होते. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. त्यांना कळलं. चाळीस वर्षं, रोज तेच काम, न कळून कसं चालेल? मग त्यांनी अक्काला हाक मारली, आणि 'अक्का' म्हणून नाही मारली.

"कमल, ही तुझी सही?"

घरात किती दिवसांनी कोणी ते नाव घेतलं होतं. अक्का पुढे आली. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. गॅलरीत चार शेजारी, समोर मोठे राणे, आणि मी, चौदा वर्षांची, दुसऱ्याची सही करणारी. नाही म्हणाली असती तर कागद तिचा राहिला असता, ती इथेच राहिली असती, आणि मी चाळभर खोटी सही करणारी पोर झाले असते. मोठे राणे काय सोडणारे नव्हते, पोलिसात गेले असते.

"हो," अक्का म्हणाली. "माझीच."

मागच्या खोलीत मी तिचं गाठोडं बांधायला बसले. दोन लुगडी, फणी, हळदीकुंकवाची डबी. ती निऱ्या काढत होती. मी म्हटलं, "बघ, जुळली की नाही?" काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं. ती निऱ्या खोचत अगदी हळू म्हणाली, रागाने नाही, जेवायला वाढ म्हणावं तसं:

"सही मला येत होती, बेबी."

मग ती नमस्कार करून निघाली. आईने ओटी भरली. मी गॅलरीतून पाहिलं, मोठे राणे पुढे, भावोजी मध्ये, अक्का मागे. तेव्हाही माझ्या डोक्यात नीटसं शिरलं नाही. मोरीत जाऊन पाय धुवायला लागले तेव्हा शिरलं, आणि मी पाय धूतच राहिले. ती नानांची मुलगी होती. नानांच्या टेबलावर काय जुळतं आणि काय नाही, हे आमच्या घरात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पहिल्या दिवशी सुनंदा लिहिलं तेही तिने समजूनच लिहिलं होतं. नाही म्हणायला आमच्यात तोंड नव्हतं, म्हणून ती हाताने नाही म्हणत होती, आठवडाभर, माझ्यासमोर, वर्तमानपत्राच्या कडेला. नानांना ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. आणि मी तिला 'क' शिकवत बसले.

दादरच्या खोल्या झाल्या, मोठ्या राण्यांच्या नावावर. अक्काने तिथे नऊ माणसांचा स्वयंपाक केला, पुढे तीन मुलं झाली, ती मोठी झाली. सणावारी भेटायची, हसायची, माझ्या मुलांना हातावर खाऊ ठेवायची. ही गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. मी दोन-तीनदा काढायला गेले, तर म्हणायची, "चहा घेतेस ना?" मी माफी मागितली नाही. माफी मागायची तर तिला पुन्हा सगळं सांगायला लावायचं, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे माझी छातीच झाली नाही.

अक्का गेली त्यानंतरच्या बुधवारी नाना ऑफिसातून आले, कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. आईने अजून अबोला सोडला नव्हता, पण त्या दिवशी तिने विचारलं, "झाला काय कागदाचा?"

"पास झाला," नाना म्हणाले. "सही जुळली."

"बरा झाला," आई म्हणाली आणि तिने आम्हाला वाढलं. सुरमईची आमटी होती. नानांनी भात कालवला आणि तसाच ठेवून ते उठले. मी जेवले. चांगली भूक लागली होती, आमटी चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.